घरच्यांना आधी दिसलेली कावीळ

नवजात बाळांच्या काविळीवरच्या एका निबंधाला पॅरिस विद्यापीठाने १७८५ साली बक्षीस दिलं. निबंध लिहिणारा होता झाँ बाप्तीस्त तिमोते बोम हा फ्रेंच डॉक्टर. त्याने दहा बाळांच्या हकिकती तपशीलवार लिहून काढल्या होत्या आणि त्यातली पहिली हकिकत त्याच्याच मुलीची, जस्टीनची होती. बाळाची पहिली काळी शी पोटात अडून राहिली की कावीळ वाढते आणि आईचं दूध लवकर मिळालं तर ती शी बाहेर पडायला मदत होते, असं त्याचं मत बनलं. रक्त तपासायचं तंत्र तेव्हा नव्हतंच. तरीही बापाच्या या निरीक्षणात बरंच तथ्य निघालं. त्या काळ्या शीत पिवळं रंगद्रव्य साठलेलं असतं आणि ती आत राहिली तर ते आतड्यातून पुन्हा रक्तात शिरतं, हे पुढे प्रयोगशाळांनी दाखवून दिलं.

या दुखण्याचा इतिहास चाळताना असे घरचे लोक वारंवार भेटतात. सुईण, परिचारिका, स्वतःची मुलं गमावलेली एक डॉक्टरीण, मुलाच्या फायली घेऊन सरकारदरबारी उभ्या राहिलेल्या आया. शोध शेवटी प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि औषधं कारखान्यात बनली, हे खरंच. पण गोष्ट जिथे जिथे वळली, तिथे बहुतेक वेळा बाळाच्या अगदी जवळ असलेल्या कुणाला तरी काहीतरी दिसलं होतं. त्यांचं ऐकलं तेव्हा बाळं वाचली. ऐकलं नाही तेव्हाचा हिशेबही इतिहासात आहे.

मुळात बाळ पिवळं पडणं ही अगदी नित्याची बाब आहे. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी सुमारे ८० टक्के बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मानंतर त्या भराभर मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते शरीराबाहेर टाकण्याजोगं करणं हे यकृताचं काम, पण बाळाचं यकृत अजून त्याला सरावलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे आणि चेहरा पिवळा होतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळेपणा सर्वांत जास्त असतो आणि मग हळूहळू ओसरतो. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली तर मात्र ती कधीही साधी समजायची नसते.

थोड्या बाळांत बिलिरुबिन इतकं चढतं की ते मेंदूत शिरतं. पॅरिसमध्ये झाक एर्व्ह्यू याने १८४७ सालच्या प्रबंधात काविळीने गेलेल्या बाळांचे मेंदू पिवळे पडल्याचं लिहिलं. बर्लिनमध्ये नामांकित विकृतिशास्त्रज्ञ विर्शो याच्या हाताखाली काम करणाऱ्या योहानेस ओर्टने १८७५ मध्ये तेच पाहिलं. ड्रेस्डेनच्या गेओर्ग श्मोर्लने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा १२० बाळांची शवविच्छेदनं केली. त्यातल्या सहा बाळांत पिवळा रंग सगळीकडे पसरलेला नव्हता. मेंदूच्या खोल भागातल्या ठरावीक केंद्रांतच तो गडद उतरला होता. श्मोर्लने याला ‘कर्निक्टेरस’ हे नाव दिलं आणि तेच आजवर चालत आलं आहे.

शवविच्छेदनाच्या टेबलावर जे दिसलं, त्याच्या आधीचे दिवस आईबापांनी पाहिलेले असत. बाळ झोपाळू होतं, दूध ओढेनासं होतं. आधी अंग सैल पडतं, मग ताठरतं. रडणं बारीक आणि कर्कश होतं, पाठ कमानीसारखी मागे वाकते, डोळे खाली ओढल्यासारखे दिसतात. यातून जे मूल वाचतं त्याच्या हातापायांच्या हालचाली पुढे त्याच्या ताब्यात राहत नाहीत, ऐकू येणं जातं किंवा बिघडतं, नजर वर उचलता येत नाही, दुधाच्या दातांवरचं कवच नीट बनत नाही. बुद्धी मात्र पुष्कळदा बऱ्यापैकी शाबूत असते. आपल्याला काय म्हणायचं आहे हे मुलाला कळतं, पण ते बोलून दाखवता येत नाही, आणि हे त्याच्या आईबापांनाही रोज दिसत असतं.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत या पिवळेपणाला लपायला जागाही होती. बाळंतिणीची खोली म्हणजे वारा लागू नये म्हणून बंद केलेल्या खिडक्या, कोपऱ्यात शेगडी, ओव्याची धुरी आणि मिणमिणता दिवा. अशा उजेडात पिवळं बाळ आणि गोरं बाळ यांतला फरक आजीच्या सरावलेल्या डोळ्यालाही कळणं कठीण. त्यात पहिले दोन-तीन दिवस आईचा चीक जड म्हणून काढून टाकायची आणि बाळाला कापसाच्या बोळ्याने गूळपाणी किंवा मध चोखवायची रीत कितीतरी घरांत होती. चीक बाळाचं पोट साफ करतो. तो मिळाला नाही की काळी शी लांबते, आणि काविळीला बोमने सांगितलेला तोच रस्ता मोकळा होतो.

उपायही घरचेच होते. कावीळ उतरवणारे गावोगाव असत. वनस्पतीच्या काड्यांची माळ गळ्यात किंवा डोक्यावर घालत. दिवसागणिक ती लांब होत खाली उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ वाढते, एवढंच त्यात असतं. पण जे दुखणं शंभरातल्या बहुतेक बाळांत आपोआप बरं होतं, त्यावर केलेला कोणताही उपाय लागू पडल्यासारखाच वाटणार. माळेचं श्रेय त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. ज्या एखाद्या बाळाला खरा धोका होता, त्याचे मोलाचे दोन दिवस माळ उतरण्याची वाट पाहण्यात गेले.

सकाळच्या कोवळ्या उन्हात बाळाला धरण्याची रीत मात्र वेगळी. तिच्यात तथ्य होतं, आणि ते कसं उघड झालं ती हकिकत पुढे येईलच.

त्याआधी काविळीच्या सर्वांत घातक प्रकाराकडे वळायला हवं. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बुर्ज्वा हिचं पुस्तक १६०९ साली छापलं गेलं. त्यात तिने एका जुळ्याच्या जन्माची नोंद केली आहे. एक बाळ अंगभर पाणी भरून सुजलेलं होतं, ते लगेच गेलं. दुसरं गडद पिवळं होतं, ते काही दिवसांत गेलं. ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत, असं वैद्यकशास्त्र पुढची तीनशे वर्षं मानत राहिलं. सुईणीने तर दोन्ही एकाच बाळंतपणात, एकाच आईच्या पोटी पाहिली होती.

अशा घरांतली कहाणी साधारण एकाच क्रमाने जाई. पहिलं मूल धडधाकट. दुसरं जन्मतः किंवा काही तासांत पिवळं. तिसरं त्याहून आजारी किंवा मृत. मग प्रत्येक गरोदरपणात तीच धास्ती, आणि बोल लागायचा तो बहुतेकदा आईलाच. टोरांटोत १९२५ साली आल्फ्रेड हार्ट यांच्याकडे असंच एक बाळ आलं. त्या घरातली आधीची बाळं काविळीने दगावली होती. हार्ट यांनी बाळाच्या टाळूतून रक्त काढलं आणि त्याच वेळी घोट्याजवळच्या शिरेतून दुसऱ्याचं रक्त भरलं. मूळ कारण अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळाच्या रक्तात काहीतरी विषारी आहे, एवढ्या अंदाजावर त्यांनी हा घाट घातला. बाळ वाचलं. तरीही हा उपाय पुढची वीस वर्षं जवळजवळ विसरला गेला.

कारणाचा धागा १९३८ मध्ये शिकागोच्या रूथ डॅरो यांनी पकडला. त्या विकृतिशास्त्रज्ञ होत्या आणि याच रोगात त्यांनी स्वतःची बाळं गमावली होती. तोवर प्रसिद्ध झालेले सगळे तर्क त्यांनी एकेक करून तपासले. पहिलं मूल का वाचतं आणि पुढची का जातात, या प्रश्नाला एकही तर्क पुरा पडत नव्हता. मग त्यांनी वेगळाच विचार मांडला. बाळाच्या रक्तातलं काहीतरी आईच्या रक्तात शिरत असावं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवत असावं, आणि ती वारेतून परत येऊन बाळाच्या पेशी मोडत असावीत. हे ‘काहीतरी’ म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन असावं, हा त्यांचा अंदाज चुकला. यंत्रणेचा बाकी सगळा आराखडा मात्र बरोबर होता.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये फिलिप लेव्हाइन आणि रूफस स्टेटसन यांनी एका बाईची केस प्रसिद्ध केली. तिला मृत मूल झालं होतं. रक्त गेलं म्हणून नवऱ्याचं रक्त चढवलं, तर ते तिला सोसलं नाही. दोघांचा रक्तगट त्या काळच्या तपासणीप्रमाणे जुळत होता, तरीही तिच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध काहीतरी तयार झालं होतं. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी तांबड्या पेशींवरचा आर्‌एच घटक शोधला, आणि १९४१ मध्ये लेव्हाइन यांनी दोन्ही टोकं जोडून दाखवली. आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह आणि बाळही पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि पुढच्या बाळांसाठी शस्त्रं तयार होतात. युरोपीय लोकांत साधारण १५ टक्के माणसं आर्‌एच निगेटिव्ह असतात, भारतात सुमारे ५ टक्के. भारतात प्रमाण कमी असलं तरी एवढ्या मोठ्या लोकसंख्येत अशा घरांची संख्या काही थोडी भरत नाही. मुंबईत १९५७ साली रक्तगटांसाठी खास संदर्भ केंद्र उभं राहिलं. आज केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था त्यातूनच वाढली.

बॉस्टनच्या लुई डायमंड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस रक्त बदलण्याची सोपी वाट काढली. कापलेल्या नाळेच्या शिरेतून बारीक नळी आत घालायची आणि थोडं थोडं रक्त काढत नवं भरत राहायचं. हजारो बाळं यामुळे वाचली. पण ही पद्धत वेळखाऊ आणि जोखमीची होती, आणि बाळ जन्माला येऊन पिवळं पडल्यावरच तिचा उपयोग होता.

बाळ जन्मण्याआधीच हा रोग अडवायचं काम दोन शहरांत जवळजवळ एकाच वेळी सुरू झालं. लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क हे डॉक्टर फुलपाखरांच्या आनुवंशिकतेवर संशोधन करत होते आणि रोनाल्ड फिन हे त्यांचे तरुण सहकारी. आईलाच बाहेरून तयार प्रतिपिंडं टोचायची, हा उलटा वाटणारा विचार क्लार्क यांच्या पत्नीला एका रात्री झोपेतून जागं होताना सुचला, असं क्लार्क स्वतः सांगत. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात आल्या की ही प्रतिपिंडं त्या लगेच निकालात काढतात, म्हणून आईच्या शरीराला स्वतःची शस्त्रं बनवायला सवडच मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गोरमन आणि विल्यम पोलॅक त्याच निष्कर्षाला आले होते. गोरमन यांची भावजय आर्‌एच निगेटिव्ह होती आणि इंग्लंडमध्ये राहत होती. तिच्यासाठी औषध न्यूयॉर्कहून पाठवलं गेलं आणि १९६४ साली बाळंतपणानंतर ते तिला टोचलं. पुढच्या बाळंतपणांत तिला निरोगी मुलं झाली. १९६८ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली.

‘अँटी-डी’चं हे इंजेक्शन आज बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. मूळ पद्धतीत ते माणसांच्याच रक्तद्रवापासून बनतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी आयुष्यात १,१७३ वेळा रक्तद्रव दिला. गरोदर बाईच्या कार्डावर रक्तगट पहिल्याच भेटीत लिहून घेतात, त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

आता उन्हाची गोष्ट.

लंडनच्या पूर्वेला एसेक्समध्ये रॉचफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जीन वॉर्ड यांच्या ताब्यात होता. कुत्र्याची पिल्लं वाढवण्यात त्या तरबेज होत्या, आणि मोकळी हवा व ऊन हे लहान जिवांना चांगलं असतं असं त्यांचं ठाम मत होतं. हवा बरी असली की त्या नाजूक बाळांनाही अंगणात नेत. १९५६च्या उन्हाळ्यात एक दिवस डॉक्टरांची फेरी आली. सिस्टरनी बिचकत बिचकत एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकं, आणि त्यावर गडद पिवळा त्रिकोण. हे काय फासलंत, असं फेरीतल्या डॉक्टरांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, काही फासलेलं नाही. त्या जागेवर चादरीचं टोक आलं होतं. ऊन लागलं नाही तिथे रंग तसाच राहिला, बाकीच्या अंगाचा उडाला. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि फेरी पुढे गेली.

काही आठवड्यांनी गडद पिवळ्या बाळाच्या रक्ताची एक नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहून गेली. तपासणीत बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघालं. ताजं रक्त तपासलं तर आकडा पुन्हा वर. तेव्हा कुठे सिस्टरचं म्हणणं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. जीवरसायनतज्ज्ञांना बरोबर घेऊन त्यांनी कोणता उजेड काम करतो ते तपासलं आणि तो निळा निघाला. मग निळ्या ट्यूबलाइटची एक अर्धगोल चौकट बनवली आणि त्याखाली उघडी बाळं ठेवून मोजमाप सुरू केलं. क्रेमर, पेरिमन आणि रिचर्ड्‌स यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लेखकांच्या नावांत सिस्टर वॉर्ड नाहीत.

निळा उजेड त्वचेत शिरून बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, आणि बदललेला रेणू यकृताची वाट न पाहता पित्तातून व लघवीतून निघून जाऊ शकतो. इतका सोपा, सुया नसलेला उपाय. इटलीने आणि दक्षिण अमेरिकेने तो लवकर उचलला. अमेरिकेने मात्र दहा वर्षं घेतली. व्हरमॉंटच्या जेरोल्ड लुसी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर रीतसर चाचणी करून १९६८ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा तिथली दारं उघडली.

कोवळ्या उन्हाच्या रीतीतला खरा भाग हा एवढाच. ऊन लागू पडतं, पण त्यासाठी बाळ बराच वेळ जवळजवळ उघडं असावं लागतं, आणि तेवढ्या वेळात ते भाजू शकतं किंवा गारठू शकतं. आंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळून दहा मिनिटं ओट्यावर धरल्याने चढती कावीळ उतरत नाही. नायजेरियात संशोधकांनी यावर तोड काढली. घातक किरण आणि उष्णता अडवणाऱ्या, पण निळा उजेड आत सोडणाऱ्या फिल्मच्या छपराखाली आया आपली बाळं घेऊन बसल्या. ४४७ बाळांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गाळलेलं ऊन ९३ टक्के दिवशी उपयोगी पडलं, विजेची उपकरणं ९० टक्के. वीज वारंवार जाणाऱ्या गावांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ हे वाक्य आता कुठल्याही प्रसूतिगृहाबाहेर ऐकू येतं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट आणि वर निळा झोत. टाके ताजे असलेली आई दर दोन-तीन तासांनी उठून पाजायला जाते किंवा दूध काढून वाटीत पाठवते. घरी पेढे वाटायचे की थांबायचं, यावर बाहेर चर्चा. उपाय साधा असला तरी आईच्या मनावर त्याचा ठसा उमटतो, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं. कावीळ झालेल्या बाळांच्या आयांपैकी जास्त जणींनी महिनाभरात अंगावर पाजणं थांबवलं होतं आणि किरकोळ कारणासाठी बाळाला डॉक्टरांकडे नेण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आपलं बाळ नाजूक आहे, ही समजूत कावीळ ओसरल्यावरही मागे राहिली होती. आज शक्य तिथे उपकरण आईच्या खोलीतच लावतात, आणि पाजण्यासाठी बाळ बाहेर काढायला हरकत नसते.

पेटी आहे म्हणजे उपचार होतोच, असंही नाही. जुन्या ट्यूबांचा झोत काही महिन्यांत मंदावतो, आणि डोळ्यांना मात्र तो तसाच निळा दिसत राहतो. ही अडचण ध्यानात घेऊन ‘डी-रेव्ह’ या अमेरिकी संस्थेने आखलेलं एलईडीचं स्वस्त उपकरण २०१२ पासून चेन्नईच्या कारखान्यात बनू लागलं.

घराघरांतून आलेला आणखी एक धडा ग्रीसचा. तिथे १९६३ मध्ये डॉक्टरांना दिसलं की काही बाळांची कावीळ एकाएकी भडकते आणि त्यामागे डांबर गोळ्या असतात. पेटाऱ्यात जपून ठेवलेली उबदार पांघरुणं बाळासाठी बाहेर काढलेली असायची आणि त्यांना या गोळ्यांचा वास असायचा. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वासाने फुटतात. त्याच सुमारास मुंबईच्या संशोधकांना पारशी समाजात ही कमतरता ठळकपणे आढळली होती. आजीने ट्रंकेतून काढलेली मऊ जुन्या लुगड्यांची गोधडी धुवून, उन्हात वाळवूनच वापरायची, या जुन्या शिस्तीला इथे वैद्यकाचाही आधार मिळतो.

१९८०च्या दशकापर्यंत श्रीमंत देशांत ही लढाई जिंकल्यासारखी वाटत होती. आर्‌एचची कावीळ इंजेक्शनने आटोक्यात आली आणि बाकीच्या काविळीसाठी निळा उजेड होता. डेसिलिटरला २० मिलिग्रॅम बिलिरुबिन झालं की रक्त बदला, हा नियम आर्‌एचच्या काळात ठरला होता. निरोगी बाळांना तो लावणं म्हणजे उगाच भीती, असं काही तज्ज्ञांनी लिहिलं, आणि त्यात काही अंशी तथ्य होतं. १९९४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सैल झाल्या. नेमक्या त्याच काळात विम्याच्या खर्चाला कात्री लागली आणि बाळंतिणी एका दिवसात घरी जाऊ लागल्या. कावीळ चढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तेव्हा बाळ घरी होतं, दूध अजून पुरतं उतरलेलं नव्हतं आणि फोनवर उत्तर एकच मिळे: पिवळेपणा असतोच, जाईल.

आयडाहो राज्यातल्या सू शेरिडन यांच्या मुलाचा जन्म १९९५ सालचा. पिवळेपणा सर्वांना दिसत होता, पण रक्त वेळेत तपासलं गेलं नाही. मुलाला कर्निक्टेरस झाला. जो रोग संपला असं पुस्तकं सांगत होती, त्याचीच बाळं फिलाडेल्फियातल्या एका नोंदवहीत जमा होत होती. १९९२ ते २००४ या काळात तिथे १२५ बाळांची नोंद झाली. त्यातली बहुतेक रुग्णालयातून निरोगी म्हणून घरी गेली होती. शेरिडन आणि त्यांच्यासारख्या आयांनी एकमेकींना शोधून २००० साली ‘पिक’ नावाची पालकांची संघटना उभी केली. वैद्यकीय चुकांवरच्या राष्ट्रीय परिषदेत शेरिडन यांनी साक्ष दिली. या आयांची मागणी मोजकी होती. घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाचं बिलिरुबिन मोजा आणि आईबापांना धोक्याच्या खुणा सांगा.

मागणीला शास्त्राचा आधार नुकताच मिळाला होता. विनोद भुतानी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २,८४० निरोगी बाळांच्या मोजणीवरून एक आलेख छापला. त्यात आकड्याबरोबर बाळाचं तासांमधलं वय असतं. बिलिरुबिन ८ असणं तिसऱ्या दिवशी किरकोळ, पण पहिल्या चोवीस तासांत धोक्याचं. आयांच्या मागे लागण्याला यश आलं. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये देशभर इशारा दिला, त्याच वर्षी रोगनियंत्रण केंद्रानेही केसेस प्रसिद्ध केल्या, आणि २००४ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नव्या सूचना काढल्या. २०२२ मध्ये अकादमीने उपचार सुरू करण्याचे आकडे थोडे वर सरकवले. बाळांना गरज नसताना उजेडाखाली ठेवू नये, हा त्यामागचा विचार. घरी जाण्याआधीची मोजणी मात्र कायम ठेवली.

भारतात प्रसूती आता मोठ्या प्रमाणावर दवाखान्यांत होतात, पण दोन दिवसांच्या आत घरी परतणाऱ्या बाळंतिणी पुष्कळ आहेत. त्यामुळे अमेरिकेतल्या आयांना जी अडचण भासली, ती इथे खेड्यापाड्यांत रोज उभी असते: कावीळ वाढते तेव्हा बाळाजवळ डॉक्टर नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखानुसार त्या गावांतले नवजात मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले. या कामाच्या आधारे केंद्र सरकारने २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळांच्या काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते.

त्यातली तिसऱ्या दिवसाची भेट काविळीसाठी सर्वांत कामाची. सावळ्या त्वचेवर पिवळेपणा चटकन कळत नाही, म्हणून बाळाला दिवसाच्या उजेडात आणून कपाळावरची किंवा नाकावरची त्वचा बोटाने दाबून सोडायची आणि रंग बघायचा. मग तळहात आणि तळपाय बघायचे. ते पिवळे असतील, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर थांबायचं नाही. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात नेणं, तिथली रक्ततपासणी, उपचार आणि परत घरी पोचवणं हे सगळं मोफत आहे. सुरुवातीला ही सोय जन्मापासून तीस दिवसांपुरती होती, पुढे ती एक वर्षापर्यंत वाढवली गेली.